पत्रात नसलेली ओळ

पत्रात ती ओळ नव्हती. मी ती वाचली.

पत्र जिल्ह्याच्या कचेरीतून आलं होतं. तेलुगूत होतं आणि माझ्या बायकोच्या नावाचं होतं. तिला कचेरीची तेलुगू वाचता येत नव्हती, मला येत होती. चुलीजवळ बसून मी ते तिला मराठीत वाचून दाखवलं. जिथं 'येत्या सोमवारी कागदपत्रांसह हजर व्हावे' असं होतं, तिथं मी वाचलं, 'जागा भरल्या आहेत, पुढील वर्षी कळवण्यात येईल.' माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. तलमडुगूच्या मंडळ कचेरीत मी कारकून होतो. पहाणीची, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्याची, नकल असो, जमिनीच्या पट्ट्याची नोटीस असो, आसपासच्या मराठी गावांतला कुठलाही तेलुगू कागद माझ्यापुढं यायचा. मी वाचायचो आणि समोरचा माणूस मान हलवायचा. असं रोज वाचणाऱ्याला एक वेगळा आवाज लागतो, कागदाचा आवाज. बायकोशी खोटं बोलताना मी तोच आवाज लावला.

कापूस फुटला की मला तो आवाज ऐकू येतो. यंदाही आला. आदिलाबादकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही अंगांनी पांढरं झालंय. कापसानं भरलेल्या बंड्या जातात आणि वाटेवरच्या बाभळी प्रत्येक बंडीतून ओंजळभर कापूस ओढून घेतात, त्यामुळं महिनाभर बाभळीच्या काट्यांना फुलं आल्यासारखी दिसतात. जिनिंगच्या बाजूनं वारा आला की सरकीचा तेलकट, जरा कुबट वास येतो. सकाळी पऱ्हाटीवर इतकं दहिवर असतं की बायांची लुगडी गुडघ्यापर्यंत भिजतात. मग ऊन चढतं, पानं वाळून कुरकुरीत होतात, आणि वेचणाऱ्या हातांना खरा त्रास तेव्हा सुरू होतो. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या मुळाशी घुसतात. माझ्या मायच्या बोटांना या दिवसांत चिरा पडलेल्या असायच्या. भाकरी थापताना तिखटाचा हात लागला की ती 'स्स' करायची आणि कुणाला तरी शिवी द्यायची. बहुतेक कापसालाच.

आमच्या घरात दोन पिढ्या दुसऱ्याच्या वावरातला कापूस वेचण्यात गेल्या. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर होता आणि 'शिका' हा शब्द घरात मिठासारखा रोज होता. मी शिकलो तेव्हा माझ्या मायनं बौद्धवाड्यात साखर वाटली होती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. शिक्षण म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

आंध्र प्रदेश होता तेव्हाची गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती. माझी बायको वंदना भीमपूरकडची, पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावातली, मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकलेली. तिच्या शाळेत तेलुगूचा तास होता, पण तेलुगूचा मास्तर नव्हता. तो तास पोरी चिंचा खाण्यात घालवत. मराठी शाळेच्या मास्तरकीचं दोन वर्षांचं ट्रेनिंग असायचं. त्याच्या परीक्षेला मी दोनदा बसलो होतो, दोनदा राहिलो होतो. वंदना एकदा बसली आणि तिचा नंबर लागला. पहिल्याच यादीत.

मी पेढे आणले. हे लिहिताना मला आठवतं की पेढे आणताना मी मनात म्हणत होतो, हिला पेपर सोपा आला असेल.

त्याच महिन्यात तिला दिवस राहिले.

वेचणीच्या दिवसांत बाया कमरेला जुनं लुगडं बांधतात, पुढून झोळीसारखी ओटी करतात आणि वेचलेला कापूस तिच्यात टाकत जातात. बारा वाजेपर्यंत ओट्या फुगतात. धुऱ्यावर, बांधावर उभं राहून पाहिलं तर वावरातली प्रत्येक बाई नववा महिना लागल्यासारखी दिसते, पाठीला हात लावून चालते, वाकताना हुंकारते. एका दुपारी मी मायला आणि वंदनाला डबा द्यायला वावरात गेलो होतो. वंदना ओटी रिकामी करायला उभी राहिली आणि अचानक बाजूला जाऊन ओकली. शेजारच्या ओळीतली म्हातारी पार्बता हसली. "वंदे, आमाले एकच ओटी बापा. तुही दोन जागी भरलेली दिसते!" सगळं वावर हसलं. मायनं तोंडाला पदर लावला, पण पदराआडून ती हसतच होती. मीही हसलो. वंदना हसली नाही. तिनं तोंड धुतलं, ओटी पुन्हा बांधली आणि आपल्या ओळीला लागली.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मले आत्ता नाई पाह्यजे."

मला आधी कळलंच नाही. "काय नाई पाह्यजे?"

"लेकरू. आत्ता नाई. ट्रेनिंग झाल्यावर. दुसराच महिना हाये. बुधवारी आदिलाबादले दवाखान्यात जाऊ, मोकळी होऊन येतो."

"येडी झाली का तू? दोन वरीस वाट पाह्यली आपण."

"आपण नाई. मायनं पाह्यली. तुमी पाह्यली. मी अभ्यास करून राह्यली होती."

तीन दिवस हे चाललं. मी म्हणायचो, लेकरू नशिबानं येतं. ती म्हणायची, "आन नंबर? तो काय नशिबानं लागला? चुलीपुढं बसून, भाकरी टाकता टाकता पाठ केलं मी. लेकरू पुन्ना होईन. नंबर पुन्ना लागन का?" मी म्हणालो, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "लोक म्हणतीन मास्तरीण." मग मी मायला पुढं केलं. माय तिच्याजवळ बसली, डोक्यावरून हात फिरवला, पहिलं लेकरू पाडलं तर पुढं कूस धरत नाही वगैरे सांगितलं. वंदनानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माय, तुमी सात बाळंतपणं केली. तीन जगले. तुमाले कोणी इचारलं होतं का एकदा तरी?" माय उठून गेली.

माझ्या बाजूचं खरं काय होतं, तेही सांगतो. मला लेकरू हवं होतं, हे खोटं नाही. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती जास्त वजनदार होती. वंदना मास्तरीण झाली असती तर लोक तिला 'मॅडम' म्हणाले असते आणि मला 'मॅडमचे मिस्टर'. दोनदा नापास झालेल्या माणसाला हे सोसत नाही. लेकराचं नाव घेऊन भांडलं की हा सल झाकला जातो. बाप व्हायची ओढ म्हणजे केवढी मोठी, सोज्वळ गोष्ट! तिच्याआड काहीही लपतं.

सोमवारी पत्र आलं. बुधवारी दवाखान्यात जायचं वंदनानं ठरवलेलंच होतं.

मी वाचून संपवलं. तिनं पत्र हातात घेतलं, आकड्यांवर बोट ठेवलं. अक्षर येत नसलं तरी आकडे सगळ्यांना येतात.

"आन ही तारीख कायची?"

"पत्र लिहिल्याची."

"ती तर वर हाये."

"ती लिहिल्याची. ही यादी बंद करायची." कचेरीत काम करणाऱ्याला अशी उत्तरं शोधावी लागत नाहीत.

तिनं मान हलवली. अगदी तशीच, जशी माझ्यापुढं कागद घेऊन येणारी माणसं हलवायची. मग बोटांवर मोजायला लागली. "पावसाळ्यात होईन. पुढल्या वेचणीपर्यंत चार-पाच महिन्याचं. मायजवळ ठेवता येईन. जमते." आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "मंग राहू द्या बुधवारचं."

गावात तेलुगू वाचणारा मी एकटाच नव्हतो. पण घरात वाचणारा नवरा असताना कोणती बाई कागद घेऊन दुसऱ्याच्या दारात जाईल? माझ्या खोट्याची सगळी ताकद तिच्या त्या विश्वासात होती.

प्रज्ञा पावसाळ्यात झाली. काळीसावळी, डोक्यावर जावळ भरपूर, आवाज असा की शेजारची कोंबडी पळायची. मी तिच्यावर जीव टाकला आणि आजही टाकतो. इथं माझं लिहिणं अडतं. त्या खोट्याचा पश्चात्ताप करायचा तर या पोरीचा पश्चात्ताप केल्यासारखं होतं. बरीच वर्षं मी याच वाक्याच्या सावलीत बसून होतो. प्रज्ञा आहे ना, मग झालं ते चांगलंच झालं. आपल्या गुन्ह्याचं फळ गोड निघालं तर माणूस गुन्ह्यालाच झाड म्हणायला लागतो.

पुढची वेचणी आली. वंदना पोस्टमनची वाट पाहू लागली. तो सायकलवरून बौद्धवाड्याच्या तोंडाशी आला की ही प्रज्ञाला कडेवर घेऊन दारात. तो लांबूनच हात हलवायचा. "वहिनी, नाही काही." ती आत यायची आणि पाळण्याची दोरी ओढायला लागायची. एकदा मला म्हणाली, "तुमी कचेरीत इचारा ना जरा, काऊन नाई आलं." मी म्हणालो, विचारतो. दोन दिवसांनी सांगितलं, विचारलं, यंदा भरती नाही म्हणतात. एकदा खोटी ओळ वाचली की तिच्या पोटी दुसऱ्या ओळी होत जातात.

तिला कळलं ते आदिलाबादच्या बसस्टँडवर. तिच्या माहेरची शोभा भेटली. दोघी एकाच यादीत होत्या. शोभाचं ट्रेनिंग संपत आलं होतं. वंदना घरी आली, प्रज्ञाला खाली ठेवलं आणि चप्पलही न काढता म्हणाली, "शोभी भेटली होती. म्हणे, वंदे तू काऊन नाई आली? तुहं नाव ट्रेनिंगच्या कालेजात दारावर लावलं होतं. आठ दिवस वाट पाह्यली आन मंग दुसरीले घेतलं."

मी कचेरीचे कागद चाळत होतो. चाळतच राहिलो. "असं म्हणते? मग वाचण्यात चूक झाली असेल. सरकारी तेलुगू फार अवघड असते."

"असंन," ती म्हणाली.

तिनं चप्पल काढली, हात धुतले, भात टाकला. त्या दिवसापासून तिनं मला एकही कागद वाचायला दिला नाही. घरपट्टीची पावती असो की प्रज्ञाच्या लसीच्या डोसाचं कार्ड, कशासाठीही माझ्याकडं आली नाही.

घर मात्र चाललं. लोकांना वाटतं, अशा गोष्टीनंतर घर मोडतं किंवा जुळतं. आमचं चाललं. फक्त तिच्या बोलण्याला धार आली. भाजीत मीठ जास्त झालं तर म्हणायची, "मापण्यात चूक झाली असंन." मी उशिरा आलो तर, "घड्याळ वाचण्यात चूक झाली काय वो?" पाहुणे हसायचे. किती गमतीची बायको आहे म्हणायचे. प्रज्ञा मोठी होत गेली तशी तिला आईचं हे टोचणं दिसायला लागलं आणि बापाचं गप्प बसणं. गप्प बसणारा माणूस लेकरांना नेहमी सोशिक वाटतो.

प्रज्ञाला आम्ही तेलुगू शाळेत घातलं. पुढं नोकरीला बरं पडतं म्हणून. ती पहिलीत गेली आणि वंदना तिच्याबरोबर पाटीवर अक्षरं गिरवायला लागली. माय म्हणायची, "सुनबाई, आता या वयात?" वंदना म्हणायची, "आता तरी." दोन वर्षांनी, एका रविवारी मी जेवत होतो. समोर मायलेकी बसलेल्या. वंदनाच्या हातात ते पत्र होतं. घडीवर विरलेलं. ती बोट ठेवून, अडखळत, एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचत गेली. तेलुगूत. येत्या सोमवारी. कागदपत्रांसह. हजर व्हावे. खाली सहीपर्यंत.

"बराबर वाचलं ना वो बाई?" तिनं प्रज्ञाला विचारलं.

"बरोबर," प्रज्ञा म्हणाली. तिला तो धडाच वाटला.

मी घास गिळला आणि भाजी मागितली. वंदनानं वाढली.

यानंतर वर्षभरानं मी ती गोष्ट लिहिली. मला वाचनाचा नाद होता. मराठी वाचनालयातली पुस्तकं आणायचो, चार-दोन कविता इकडेतिकडे छापून आल्या होत्या. न ठरवता राहिलेल्या लेकरावरून नवराबायकोचं पटत नाही, अशा गोष्टी मी त्या काळात शोधून शोधून वाचल्या. पुष्कळ आहेत. एकाला हवं असतं, एकाला नको असतं, दोघंही पानंच्या पानं भांडतात. नको म्हणणारा नवरा असला तर लेखक त्याला रागावतो. नको म्हणणारी बायको असली तर लेखक तिला समजावतो. कधी शेजारची वांझ म्हणून हिणवलेली बाई येऊन रडते, कधी स्वप्नात इवलीशी बोटं दिसतात, कधी आजारपण येतं. शेवटच्या परिच्छेदात ती पोटावर हात ठेवते आणि हसते. तिथं गोष्ट संपते. मी वाचायचो आणि मला फार बरं वाटायचं. दोन मतं होती, एक विरघळलं, दुसरं उरलं, आणि उरलं ते नेहमी माझंच असायचं. घरात तसं होत नाही. घरात दोन्ही मतं उरतात. एकाच ताटलीत जेवतात, एका अंथरुणावर पाठ करून झोपतात, एका पोरीच्या फीच्या पावतीवर दोघांच्या सह्या असतात.

मी लिहायला बसलो ते खरं सांगायलाच. शपथेवर सांगतो. पहिली दोन पानं खरी होती. वावर, ओटी, पार्बताबाईची थट्टा, 'नंबर पुन्ना लागन का?' सगळं जसंच्या तसं. मग पत्र आलं आणि माझा हात वळला. गोष्टीतला नवरा पत्र खरं खरं वाचतो. गोष्टीतली बायको रडते, मग उठते, पोटावर हात ठेवते आणि ते पत्र आपल्या हातानं फाडून चुलीत टाकते. म्हणते, माझी शाळा माझ्या पोटातच आहे.

हे वाक्य लोकांना फार आवडलं. दिवाळी अंकात गोष्ट छापून आली, आदिलाबादला मराठी मंडळींच्या एका मेळाव्यात मला ती वाचायला बोलावलं. वंदना आली होती. तिसऱ्या रांगेत बसली होती, मोरपंखी साडी नेसून. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी एक निवृत्त गुरुजी तिच्याजवळ गेले. "वहिनी, तुमचीच कथा ना ही? धन्य आहे तुमची!"

वंदना म्हणाली, "माही असती तर म्या लिहिली असती, गुरुजी."

गुरुजी खो खो हसले. मीही हसलो. माझं सगळं आयुष्य असं चुकीच्या जागी हसण्यात गेलं आहे.

घरी येताना बसमध्ये तिनं एकच गोष्ट विचारली. खिडकीबाहेर बघत विचारली. "ही जे पत्र जाळते, ते कोण हाये?" मी म्हणालो, गोष्टीतली बाई. "मंग तिले माहे शब्द काऊन देले?" मी म्हणालो, गोष्टीत असं करावं लागतं. बाहेर वेचणी चालली होती, ओट्या बांधलेल्या बाया ओळीनं पुढं सरकत होत्या.

प्रज्ञा दहावीनंतर बासरला शिकायला गेली. गोदावरीच्या काठी. पहिल्यांदा सोडायला गेलो तेव्हा तिथल्या विद्येच्या देवीच्या देवळापुढं आईबाप छोट्या पोरांना अक्षर गिरवायला घेऊन बसले होते. तांदळात बोट धरून. आम्ही बौद्ध, देवळात जात नाही, बाहेरच उभे राहिलो. वंदना त्या पोरांकडं कितीतरी वेळ पाहत होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी संक्रांतीच्या सुटीत प्रज्ञा घरी आली. हंगामातली तिसरी वेचणी चालू होती, पऱ्हाट्या काळ्या पडायला लागल्या होत्या. तिनं माझं कपाट आवरायला काढलं आणि तो दिवाळी अंक तिच्या हाती लागला. वाचला. मला वाटलं, धावत येईल, आईच्या गळ्यात पडेल. तसं झालं असतं तरी मी गप्प बसलो असतो, हे मला पक्कं माहीत आहे.

झालं वेगळंच. त्या संध्याकाळी वंदना नेहमीसारखं काहीतरी बोलली. चहात साखर विसरली होती माझ्या हातून. ती म्हणाली, "डबा वाचण्यात चूक झाली असंन." आणि प्रज्ञा एकदम ताठ झाली.

"आई, बस झालं आता. लहानपणापासून ऐकते मी. बाबांनी तुझं काय वाईट केलं? पत्र तूच फाडलंस ना? तूच ठरवलंस ना मला ठेवायचं? मग त्याचा राग जन्मभर बाबांवर कशाला काढतेस?"

वंदना तूर निवडत होती. तिचे हात थांबले. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मी पाहिलं आणि मला पहिल्यांदा सगळं समजलं. ती काय बोलणार होती? मी फाडलं नाही, म्हणाली असती तर पोरीनं विचारलं असतं, मग काय झालं? ते सांगायचं तर बुधवार सांगावा लागला असता. दवाखाना सांगावा लागला असता. सतरा वर्षांच्या पोरीला तोंडावर सांगावं लागलं असतं की त्या महिन्यात तू मला नको होतीस. माझ्या गोष्टीनं तिच्यापुढं दोनच वाटा ठेवल्या होत्या. पोरीला दुखवायचं किंवा पोरीच्या नजरेत खोटी, कडू, कृतघ्न बाई होऊन राहायचं. तिनं दुसरी वाट धरली. खाली मान घालून पुन्हा तूर निवडायला लागली.

प्रज्ञा दुसऱ्या दिवशी बासरला जाणार होती. आईशी ती बोलली नाही. सकाळी डबा घेतला नाही. "मेसमध्ये खाईन," म्हणाली. वंदनानं डबा भरला होता, तो ओट्यावर तसाच होता, फडक्यात बांधलेला.

मी कचेरीत रजेची चिठ्ठी पाठवली. अंगणात दोघींना बोलावलं. प्रज्ञा पिशवी खांद्याला लावूनच उभी राहिली. वंदना ओले हात पुसत आली आणि दाराच्या चौकटीला टेकली.

मी सुरुवात केली ती अशी, "प्रज्ञा, त्या वेळी पत्राच्या बाबतीत थोडी चूक झाली होती..."

"झाली नाई," वंदना म्हणाली. "आन कचेरीवानी नोका बोलू. तिले समजन असं बोला."

मग मी बोललो. सगळं. ट्रेनिंगची यादी, दोन वेळा नापास झालेला मी, तीन दिवसांचं भांडण, सोमवारचं पत्र, मी वाचलेली ओळ. शोभा. पाटीवरची तेलुगू. गोष्ट. प्रज्ञाच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली. शेवटी ती माझ्याकडं नाही, आईकडं वळली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"म्हणजे मी तुला नको होते?"

वंदना चौकटीपासून सुटून पुढं आली. "तू नव्हतीच तवा, बाई. दोन महिने पाळी चुकली होती, एवढंच होतं. तू झाली तवापासून तू हायेस. तुयावर मी कधी राग धरला का? सांग. धरला का?"

प्रज्ञानं मान हलवली. नाही.

"मले दोन्ही पाह्यजे होतं की एकच, हे मले कोणी इचारलंच नाई. म्या माह्या मनानं काय ठरवलं असतं ते मलेबी आता मालूम नाई. तेवढंच माहं गेलं."

प्रज्ञानं पिशवी खाली टाकली. आईच्या जवळ गेली, पण गळ्यात पडली नाही. नुसती तिच्या शेजारी उभी राहिली, माझ्याकडं तोंड करून. दोघी एका बाजूला. मला एकटं वाटलं आणि ते बरोबर वाटलं.

वंदना माझ्याकडं पाहत होती. सोळा वर्षं जे टोचून बोलून मागत होती ते आता नुसतं उभं राहून मागत होती. मी तिला म्हणालो:

"वंदना, त्या पत्रात जागा भरल्या असं कुठंच लिहेल नव्हतं. तू सोमवारी हजर व्हाय, असं लिहेल होतं. मले ते चांगलं वाचता आलं, चांगलं समजलं, आन मी तुले दुसरंच सांगतलं. तू माह्या पुढं जाशीन हे मले सोसवत नव्हतं. लेकराचं नाव मी नुसतं पुढं केलं. मंग गोष्टीत ते पत्र तुह्या हातानं जाळलं, म्हणजे लोकाईले वाटावं तूच जाळलं, पोरीलेबी वाटावं. मले माफ कर. नाई केलं तरी चालते. वाचण्यात चूक नव्हती झाली. हे मी केलं."